जुने लोखंडी रंधे: तीन पसंत पडलेत, एकच घ्यायचाय

सुट्टीतला_सुतार
रविवार, रात्री १०:४२

मंडळी, नमस्कार.

आज पुण्याच्या जुन्या बाजारात एका पथारीवर तीन लोखंडी रंधे दिसले. तिन्ही पाच नंबरचे, म्हणजे तळ १४ इंच आणि पातं २ इंच रुंद. आजवर मी आजोबांचा लाकडी रंधाच वापरत आलोय. पाचर ठोकायची, पातं जास्त बाहेर आलं की मागून हातोडीने टिचकी मारायची, परत ठोकायची. पावसाळ्यात तो फुगतो आणि पाचर अशी अडकते की शिव्या घालाव्यात. आता वाड्याच्या पाडलेल्या दारांच्या सागवानी फळ्या मिळाल्यात, त्यांचं टेबल करायचंय. म्हणून म्हटलं, चाकाने पातं खालीवर होणारा लोखंडी रंधा एकदा घेऊनच टाकू.

पहिला: स्टॅन्ली कंपनीचा, 'मेड इन इंग्लंड'. काळा रंग बराच शाबूत. पात्याच्या खाचेपासून धारेपर्यंत चांगली दोन बोटं पोलाद शिल्लक आहे. मागची मूठ मूळची नाही, कुणीतरी सागाची घरी करून बसवलीय आणि ती तळहाताला टोचते. पितळी चाक जवळजवळ पाऊण फेरा रिकामं फिरतं, मग पातं हलायला लागतं. १४०० म्हणतो.

दुसरा: रेकॉर्ड कंपनीचा ०५. निळा रंग फक्त कानाकोपऱ्यांत उरलाय. गंज सगळीकडे, पण नखाने खरवडल्यावर खाली धातू गुळगुळीत लागला. पात्याचं वरचं टोक हातोडीने ठोकून ठोकून भूछत्रासारखं पसरलंय. बहुतेक आधीचा मालकही लाकडी रंध्यावर वाढलेला असावा! १२००.

तिसरा: अमेरिकन स्टॅन्ली. पातं ज्या तिरक्या बैठकीवर बसतं (इंग्रजीत तिला फ्रॉग म्हणतात, आपण बेडूक म्हणू), तिच्या मागे ओतकामातच तीन तारखा आहेत: मार्च २५ '०२, ऑगस्ट १९ '०२, एप्रिल १९ '१०. पुढची मूठ बुटकी, लालसर काळ्या लाकडाची, अतिशय देखणी. तळाला तोंडाच्या (पातं बाहेर येतं त्या फटीच्या) आजूबाजूला काळा ऑइलपेंट मारलाय. २५००, एक रुपया कमी नाही. चाचा म्हणाले, "सौ साल पुराना है, बेटा."

मन तिसऱ्यावर गेलंय, खिसा दुसऱ्यावर. काय करू?

खोगीरभरती
रविवार, रात्री ११:१५

तिसरा!! विचार कसला करताय?

मी न्यू जर्सीत असतो आणि दर उन्हाळ्यात जुन्या घरांच्या सेलमध्ये हेच धंदे करतो. (बायकोने तळघरात फळ्या ठोकायला मनाई केली आहे. आयडी उगाच नाही घेतला.) त्या तीन तारखा पेटंटच्या. तिन्ही एकत्र असलेलं ओतकाम साधारण १९१० ते १९१८ मधलं, संग्राहक त्याला 'टाइप ११' म्हणतात. बुटकी मूठही त्याच काळातली, उंच मूठ १९२० च्या आसपास आली. पात्यावर बदामाचं चिन्ह असेल तर पातं १९२० च्या दशकातलं. लिव्हर कॅपचं (पातं वरून दाबून धरणाऱ्या झाकणाचं) भोक वाटाण्याच्या शेंगेसारखं वाकडं असेल तर ती कॅप १९३३ नंतरची. आणि पितळी चाकाऐवजी काळं कडक रबराचं चाक दिसलं तर दुसरं महायुद्ध, पितळ गोळ्यांना लागत होतं.

मूळ गोष्ट अशी की लेनर्ड बेलीने हा सगळा सांगाडा बसवला आणि १८६९ मध्ये कनेटिकटमधल्या न्यू ब्रिटनच्या स्टॅन्ली कंपनीने त्याची पेटंटं आणि धंदा घेतला. आजही दुकानात जो लोखंडी रंधा मिळतो तो बेलीच्याच डोक्यातून आलेला. तुमच्या पथारीवरचे तिन्ही सख्खे भाऊ आहेत, पण थोरला तो थोरला.

बिल्ला_क्र_४१२
सोमवार, सकाळी ६:०५

थोरला असेल, पण तळाला काळा रंग कशाला फासलाय?

रंध्याच्या तळाला कुणी रंग लावत नाही. पहिल्याच फळीवर तो घासून जातो आणि लाकडाला काळे पट्टे पडतात. दुकानदाराने गंज झाकायला लावला म्हणावं तर अख्ख्या तळाला लावला असता. फक्त तोंडापाशी लावलाय म्हणजे तिथे काहीतरी आहे. बीड ठिसूळ असतं. रंधा हातातून निसटून फरशीवर पडला की वाकत नाही, तडकतो, आणि तडकतो तो नेहमी तोंडाच्या कोपऱ्यातून वर गालाकडे, म्हणजे बाजूच्या उभ्या भिंतीकडे, कारण तिथेच मांस सगळ्यात कमी.

मी रेल्वेच्या वर्कशॉपात पॅटर्नमेकर होतो. ओतकामासाठी लाकडाचे साचे करायचे, अर्ध्या मिलिमीटरचा हिशेब. टूलरूमला पितळी बिल्ला जमा केल्याशिवाय हत्यार मिळायचं नाही. रंधा मिळाला की आधी उलटा करून उजेडात धरायचा, कारण तडा असलेला परत केला की तो आपल्या माथी. ती सवय अजून गेली नाही.

तपासायची पद्धत सांगतो. पेंट थिनरने पुसा. त्या जागी रॉकेल लावा, पंधरा मिनिटं थांबा, फडक्याने खडखडीत कोरडं करा. मग शाळेचा पांढरा खडू घासा. चीर असेल तर आत शिरलेलं रॉकेल हळूहळू बाहेर येतं आणि खडूवर काळपट रेघ उमटते. डोळ्याला न दिसणारी चीरही सापडते.

आणि सगळा सांगाडा उतरवून, नुसतं अंग दोन बोटांवर तोलून किल्लीने ठोका. धड असेल तर घंटेसारखं वाजेल. फुटकं मडक्यासारखं बोलतं.

शिसवी
सोमवार, सकाळी ९:३०

काका, खडूची युक्ती माहीत नव्हती. टिपून ठेवली.

सुतारदादा, काळाच्या नादात पडू नका. मी सावंतवाडीची. आमच्याकडे लाकडी खेळणी आणि लाखकामाचा वारसा, त्यामुळे हत्यारांची उणीव नाही, पण लोखंडी रंधा मी तीन वर्षांपूर्वी पहिल्यांदा घेतला आणि पहिल्याच आठवड्यात वाट लावली. बेडूक धरून ठेवणाऱ्या दोन स्क्रूंपैकी एक गायब होता. हार्डवेअरच्या दुकानातून 'साधारण त्याच मापाचा' आणला, थोडा घट्ट गेला, मी जोर लावला. ओतकामातले आटे साफ बसले. नंतर कळलं की स्टॅन्लीचे आटे जगावेगळे आहेत: बेडकाचे आणि मुठींचे १२ नंबर, इंचाला २० आटे. लिव्हर कॅपचा मधला स्क्रू ९/३२ इंच, इंचाला २४. पितळी चाकाचा तर वर उलटा आटा. मेट्रिक सोडाच, नेहमीचे इंची स्क्रूसुद्धा बसत नाहीत.

म्हणून माझा नियम: पातं बदलता येतं, मूठ घरी करता येते, स्क्रू मात्र सगळे जागेवर हवेत. घेण्याआधी मोजा. बेडकाचे दोन, लिव्हर कॅपचा एक, पातं आणि चिपब्रेकर (पात्यावरची कीस मोडणारी पट्टी) जोडणारा एक, मुठींचे दांडे आणि त्यांच्यावरचे पितळी नट. पाच नंबरच्या मागच्या मुठीला पायाशी एक छोटा स्क्रू जास्तीचा असतो, तो हटकून हरवलेला असतो.

मुठीची काळजी करू नका. शिसवाचा तुकडा मिळाला तर उत्तमच, जुन्या अमेरिकन मुठी ब्राझिलच्या शिसवाच्याच असत. आपलं शिसव त्याचा चुलतभाऊ. फक्त रेघा आडव्या ठेवा, तळाला समांतर. उभ्या ठेवल्यात तर मुठीचं शेपूट मोडणार.

लीड्सकर
सोमवार, दुपारी ३:५०

मी रेकॉर्डच्या बाजूने. त्याचं जन्मगाव माझ्या घरापासून तासाभरावर आहे म्हणून नव्हे (बरं, थोडं म्हणूनही).

इंग्लंडमधल्या शेफील्डच्या सी. अँड जे. हॅम्प्टन कंपनीने १९३१ मध्ये रेकॉर्डचे रंधे काढले. बेलीची पेटंटं तोवर संपली होती, म्हणून त्यांनी सरळ तोच सांगाडा घेतला आणि नंबरांच्या आधी शून्य लावलं: ०३, ०४, ०५. स्टॅन्लीने शेफील्डमध्ये पाय ठेवला तो त्यानंतर, १९३० च्या दशकाच्या उत्तरार्धात. तुमचा 'मेड इन इंग्लंड' त्या घराण्यातला. म्हणजे पहिला आणि दुसरा एकाच गावचे पाणी प्यालेले.

फरक ओतकामात आणि घासकामात. जुन्या रेकॉर्डचं अंग हाताला जड लागतं आणि बेडकाची बैठक नीट घासलेली असते. नंतरच्या इंग्लिश स्टॅन्लींत कंपनीने हळूहळू काटकसर केली. चाक फिरलं की पात्याला ढकलणारा जो चिमटा असतो तो आधी ओतीव होता, पुढे दुमडलेल्या पत्र्याचा आला. चाकाचा तो पाऊण फेरा रिकामा जातो त्याला हेही कारण असू शकेल. चालतं तसंही, फक्त शेवटचं फिरवणं नेहमी पुढच्या दिशेने ठेवायचं म्हणजे ढिलाई निघून जाते.

शेफील्डला कधी आलात तर केलम आयलंड संग्रहालयात हॉली संग्रह बघा. एका माणसाने आयुष्यभर गोळा केलेली हत्यारं आहेत. मी दर वेळी 'अर्ध्या तासात येतो' सांगून जातो.

नवा_भिडू
सोमवार, रात्री ८:१०

एक बावळट प्रश्न. एवढी भानगड करण्यापेक्षा नवाच का घेऊ नये?

शिसवी
सोमवार, रात्री ८:४०

बावळट नाही. नव्यात दोन टोकं आहेत. एका टोकाला अमेरिकेतल्या मेन राज्यातली ली-नील्सन (१९८१ पासून) आणि कॅनडाची व्हेरिटास. पेटीतून काढला, धारेवर हात फिरवला की कामाला तयार. पण किंमत ऐकून मला स्वयंपाकघरात जाऊन पाणी प्यावं लागलं. दुसऱ्या टोकाला आपल्याकडचे स्वस्त नवे. एक मी घेतला होता. बेडूक चारापैकी दोनच कोपऱ्यांवर टेकत होता, तळाला मध्ये एवढी पोकळी की पोस्टकार्ड आरपार गेलं. दोन रविवार घासण्यात गेले. नशीब चांगलं असेल तर सरळही मिळतो, पण मग जुना घेण्याएवढाच जुगार झाला.

खोगीरभरती
सोमवार, रात्री ९:०५

ली-नील्सनचा नमुना म्हणजे स्टॅन्लीचाच 'बेडरॉक', ६०४, ६०५ वगैरे नंबरांचा. त्यात बेडूक अख्ख्या पाठीने टेकतो आणि पातं न काढता पुढेमागे सरकवता येतो. इथे त्याला बेलीच्या तिप्पट भाव देतात. खरं सांगू? डोळे बांधून माझ्या हातात ५ आणि ६०५ दिलेत तर किसावरून मला ओळखता येणार नाही. धारेवरून मात्र लगेच येईल.

एक नंबरचं तर नावच काढू नका. साडेपाच इंचांचं खेळणं, त्याच्या किमतीत चांगली बाइक येईल, आणि बाजारात नकलांचा सुळसुळाट.

बिल्ला_क्र_४१२
मंगळवार, सकाळी ५:५०

पाच नंबरचं काम काय, ते कुणीच बोललं नाही.

पाच नंबर हा पहिल्या फळीचा गडी. खडबडीत फळीवर आडवातिरका मारून उंचवटे काढायचे. त्याचं पातं मी किंचित गोल ठेवायचो, मधून कडांपेक्षा कागदभर पुढे. त्याला तळ आरशासारखा सपाट नसला तरी चालतो. फूटपट्टी उभी धरून उजेडाकडे बघा: नाक, तोंडाची पुढची कड आणि शेपूट, या तीन जागा एका रेषेत टेकल्या की पुरे. बाकी तळात खळगा असू द्या. तोंडापाशीच खळगा असेल तर मात्र तो रंधा फळी दाबून धरत नाही आणि कीस तुटतो. फळ्या जोडायच्या असतील तर सात नंबर, २२ इंची. शेवटचा हात चार नंबरचा. तिन्ही कामं एकाच रंध्याने होतात, पण तीनदा पातं घासावं लागतं.

जुना साग आहे म्हणताय. सागात वाळूचा अंश असतो, धार भराभर जाते. आणि दाराच्या फळ्या म्हणजे आत मोडलेले खिळे. पहिल्याच फटक्यात जुन्या पात्याचा दात पडेल, तेव्हा लोहचुंबक फिरवून घ्या.

सुट्टीतला_सुतार
बुधवार, रात्री ९:२०

ऑफिसातून 'डॉक्टरकडे जातोय' सांगून बाजारात गेलो. खिशात थिनरची बाटली, औषधाच्या बाटलीत रॉकेल, मुलीच्या दप्तरातला खडू.

चाचांना म्हटलं, तळ जरा पुसू का? ते म्हणाले, पुसा, पण घेणार असाल तर. पेंट सहज निघाला, खाली स्वच्छ करडं बीड. डोळ्याला काहीच दिसेना. मला उगाच अपराधी वाटायला लागलं. रॉकेल लावलं, पंधरा मिनिटं शेजारच्या पथारीवर तुटक्या घड्याळांचा भाव करत बसलो, मग पुसून खडू घासला. दोन मिनिटं काहीच नाही. मी उठणार एवढ्यात तोंडाच्या डाव्या कोपऱ्यातून एक केसाएवढी रेघ ओलसर व्हायला लागली. बघता बघता गालाच्या कडेपर्यंत गेली आणि तिथून वर चढली. जेमतेम दीड इंच.

चाचांनी चष्मा लावून बघितलं. म्हणाले, "मुझे भी ऐसे ही मिला था." त्यांच्या चेहऱ्यावरून मला तरी ते खरं वाटलं.

मग रेकॉर्डचं सगळं उतरवलं, तोच प्रयोग केला. खडू पांढराच राहिला. स्क्रू मोजले, शिसवीताई, पायाचा छोटासुद्धा जागेवर! किल्लीने ठोकलं तर अंग असं खणखणीत वाजलं की शेजारचे घड्याळवाले वळून बघायला लागले. ९५० ला घेतला.

खोगीरभरती
बुधवार, रात्री ११:०२

माझा तोंडपाठ इतिहास एका खडूने पुसला, मान्य.

तरी तो तिसरा तीनशे-चारशेला देत असतील तर घ्या. अंग गेलं, पण बेडूक, लिव्हर कॅप, पातं, स्क्रू आणि त्या दोन मुठी हे सुट्या भागांचं भांडार आहे. वेल्डिंगच्या फंदात पडू नका. बिडाला घरगुती वेल्डिंग केलं की शेजारी नवी चीर जाते, आणि पितळ ओतून जोडलं तरी तळ वाकतो.

सुट्टीतला_सुतार
पुढचा सोमवार, रात्री १०:३०

शनिवार-रविवार रेकॉर्डवर गेला.

लोखंडी भाग सायट्रिक अॅसिडच्या पाण्यात, एक लिटरला दोन मोठे चमचे. चार तासांनी बाहेर काढला तर गंज काळ्या चिखलासारखा ब्रशने निघून आला. मग धुण्याच्या सोड्याच्या पाण्यातून काढून हेअर ड्रायरने वाळवला आणि लगेच शिलाई मशीनचं तेल. एक बाजू वाळवायला पाच मिनिटं उशीर झाला, तेवढ्यात नारिंगी झाक आली. तळ जाड काचेवर पॉलिशपेपर चिकटवून घासला. आधी मार्करने आडव्या रेघा मारल्या. नाक आणि शेपटीवरच्या आधी गेल्या, तोंडासमोरच्या सगळ्यात शेवटी.

घोळ पात्यात निघाला. सपाट बाजूला धारेजवळच गंजाचे खड्डे, टाचणीच्या डोक्याएवढे. तिथपर्यंत घासत मागे जायचं तर अर्धा इंच पोलाद जाईल. म्हणून खोगीरभरतींचं ऐकून काल तिसऱ्याचं कलेवर ४०० ला आणलं आणि त्याचं पातं चढवलं. तर चाक पार पुढे आणूनही धार तळाच्या आतच! तासभर डोकं खाजवल्यावर कळलं की दोन्हींच्या चिपब्रेकरची खाच वेगळ्या उंचीवर आहे. रेकॉर्डचा चिपब्रेकर, स्टॅन्लीचं पातं अशी जोडी लावली तेव्हा जमलं. चिपब्रेकर धारेपासून नखाच्या जाडीएवढा मागे ठेवला आणि तळाला मेणबत्ती घासली.

पहिला फटका गाठीवर अडला. दुसरा फळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत एकसलग गेला आणि तोंडातून कीस सुटला तो मुठीवरून मनगटावर येऊन पडला. तपकिरी, ऊबदार, सागाच्या तेलाचा वास. मुलगी तो घेऊन पळाली, बाहुलीचे केस करतेय.

शिसवी
सोमवार, रात्री १०:५५

खूप छान! पावसाळ्यात रंधा उघड्यावर ठेवू नका. मी तेलाच्या फडक्यात गुंडाळून पत्र्याच्या बिस्किटाच्या डब्यात ठेवते. आणि काम थांबवताना तळावर उभा ठेवू नका, आडवा ठेवा.

बिल्ला_क्र_४१२
मंगळवार, सकाळी ६:१०

आडव्याउभ्यावर आमच्या शॉपमध्ये दोन मिस्त्र्यांचं बोलणं बंद झालं होतं. मी उभाच ठेवायचो, पण लाकडावर. आडवा ठेवला की येणाऱ्याजाणाऱ्याच्या हातातली पटाशी धारेला लागते.

लीड्सकर
मंगळवार, दुपारी १:२०

डिसेंबरात येतोय. रेकॉर्डचं जुनं पातं हवं असेल तर आणतो, इथे कार बूट सेलमध्ये (गाडीच्या डिकीतून जुनं सामान विकतात तिथे) चिल्लरीत मिळतात. अख्खा रंधा सांगू नका, सात नंबर साडेतीन किलोच्या वर भरतो आणि आई लोणच्यासाठी जागा ठेवायला सांगते. आणि कुणी स्वतः आणणार असेल तर चेक-इन सामानात टाका. हातातल्या बॅगेत पातं सापडलं की ते तिथेच राहतं.

नवा_भिडू
बुधवार, रात्री ८:४५

मंडळी, तो पहिला, सागाच्या मुठीचा, मी उचलला! ११५० ला. खडू, रॉकेल, ठणठण, सगळं करून. आता ती टोचरी मूठ काढतोय. वरचा पितळी नट फिरतोय, फिरतोय, पण बाहेर येत नाही. आणखी जोर लावू का?

शिसवी
बुधवार, रात्री ८:४७

थांबा, हात बाजूला घ्या! नटाबरोबर आतला दांडाच फिरत असेल. बुडाचा फोटो टाका आधी.